ढग बघून ठरवलेली पिकनिक

नागपुरात उन्हाबद्दल सल्ला मागावा लागत नाही, आपोआप मिळतो. खिशात कांदा ठेवा, निघायच्या आधी पन्हं प्या, कानाला दुपट्टा बांधा, बारा ते चार घराबाहेर पडू नका. त्यात चूक काही नाही, आमच्याकडे पारा ४७ च्या वर जाऊन आलेला आहे, लोकांनी सगळं भोगलंय. पण माझ्या पोरीचा, मनूचा, प्रॉब्लेम गरमीचा नाही, उजेडाचा आहे, आणि हे समजावता समजावता माझं तोंड दुखतं. मे महिन्यात रात्री नऊला, भिंतीसुद्धा तापलेल्या असतात तेव्हा, ती फुटाळा तलावावर मजेत आइस्क्रीम खात फिरते. आणि डिसेंबरच्या सकाळी, अख्खं नागपूर गच्चीवर कोवळ्या उन्हात संत्री सोलत बसलेलं असतं तेव्हा हिच्या हाताला पाच-दहा मिनिटांत मुंग्या येतात, मग चुरचुर, मग अशी आग की रात्रभर झोप नाही. अशा पोरीला दिवसाच्या ॲम्युझमेंट पार्कात कसं नेलं, त्याची ही गोष्ट.

आजाराचं नाव लांबलचक आहे, एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया, आम्ही ईपीपीच म्हणतो. हिमोग्लोबिनमधला हीम हा भाग तयार होताना शेवटच्या पायरीला लोह बसवणारं एक एन्झाइम असतं, फेरोकेलेटेज, ते हिच्यात कमी आहे. त्यामुळे प्रोटोपॉर्फिरिन नावाचा अर्धवट माल रक्तात आणि त्वचेत साचून राहतो आणि त्याच्यावर उजेड पडला की आतल्या आत जळजळ सुरू. बाहेरून बघाल तर बरेचदा काहीच दिसत नाही, फार तर थोडी सूज, थोडी लाली. आणि हा माल सगळ्यात जास्त चिडतो तो निळ्या-जांभळ्या उजेडाने, ४०० नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या. सगळा घोळ इथेच आहे. नेहमीचं सनस्क्रीन यूव्ही, म्हणजे न दिसणारे अतिनील किरण, अडवतं, हा उजेड आरपार जाऊ देतं. खिडकीची काच अडवत नाही. पांढरे ढग फारसे अडवत नाहीत. फोनमधला यूव्ही इंडेक्स हिच्या काही कामाचा नाही. आणि एकदा आग सुरू झाली की साध्या पेनकिलरने ती थांबत पण नाही, दिवस जाऊ द्यायचे फक्त.

हे कळायला आमची बरीच वर्षं गेली. आधी ॲलर्जी म्हणून सिरप झाले, कॅलामाइन झालं. हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, आणि विदर्भात हिमोग्लोबिन कमी म्हटलं की पहिली शंका सिकलसेलची, ती टेस्ट झाली, निगेटिव्ह. एका ठिकाणी लघवीची पॉर्फिरिनची टेस्ट केली, ती नॉर्मल आली आणि आम्हाला सांगण्यात आलं की पोरगी शाळा बुडवायला नाटक करते. प्रोटोपॉर्फिरिन पाण्यात विरघळतच नाही, ते लघवीत दिसणार कुठून, रक्त तपासावं लागतं, पण हे आम्हाला तेव्हा कोण सांगणार. शेवटी धंतोलीतल्या एका त्वचारोगवाल्या मॅडमनी मनूला बघितलं, काही न बोलता तिचे हात उलटेपालटे केले, बोटांच्या पेरांवरची जाड झालेली कातडी बघितली आणि विचारलं, "बेटा, उन्हातून आल्यावर तू हात कुठे ठेवतेस?" मनू म्हणाली फरशीवर. खरंच, आमच्या हॉलमध्ये कूलरसमोरच्या फरशीवर ती दोन्ही हातांचे पंजे पालथे टेकवून बसायची, एक जागा गरम झाली की सरकून पुढच्या फरशीवर, आणि आम्ही म्हणायचो काय खेळ लावलाय हा. मॅडमनी रक्ताच्या ट्यूबला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळलं, कारण नमुन्यावर पण उजेड पडलेला चालत नाही, आणि बाहेरगावच्या लॅबला पाठवलं. मग कळलं.

(घरात त्यानंतर दोन्हीकडच्या आज्यांचं शीतयुद्ध चाललं, हे कोणाच्या खानदानातून आलं म्हणून. बहुतेक केसेसमध्ये एकाकडून बिघडलेला जीन येतो आणि दुसऱ्याकडून त्याच जीनची जराशी कमजोर आवृत्ती, दोन्ही जुळले की आजार दिसतो. हे ऐकल्यावर दोघी एकदम गप्प.)

आता पार्कचं. मनू चौथीत असताना वर्गाची पिकनिक शहराबाहेरच्या मोठ्या ॲम्युझमेंट पार्कला गेली आणि हिला शाळेतून निरोप, "त्या दिवशी तिला घरीच राहू द्या". वाईट हेतूने म्हटलं असं नाही, बाईंना जबाबदारीची भीती वाटली असणार. पण दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांच्या तोंडी एकच, रोलर कोस्टर, आणि ही घरी येऊन मला विचारते की वरून खाली येताना पोटात नेमकं काय होतं. आता हे सांगून समजणार आहे का? रात्रीच्या आनंद मेळ्यात आकाशपाळण्यात ती बसलेली होती. रमन विज्ञान केंद्र तर तिला पाठ आहे, तारांगणात आम्ही इतके वेळा गेलोय की पुढे काय बोलणार हे ती आधीच सांगते. पण तिला रोलर कोस्टर पाहिजे होतं आणि ते पार्क दिवसाचं होतं.

मी फोन केला. पलीकडचा मुलगा फार गोड होता. मी म्हटलं माझ्या मुलीला ऊन चालत नाही, तर तो म्हणे, "ताई टेन्शन नका घेऊ, आपल्याकडे वॉटर पार्क आहे, गरमी लागतच नाही." मी म्हटलं गरमी नाही हो, उजेड. तो म्हणे, "शेड आहे ना ताई सगळीकडे, हिरवी जाळी लावली आहे." हिरवी जाळी म्हणजे तीच, जी उन्हाळ्यात आमच्याकडे सिग्नलवर पण लावतात, गाडीवाल्यांना बरं वाटावं म्हणून. ती बाजारात टक्क्यांवर मिळते, ५० टक्के, ७५ टक्के, ९० टक्के. ५० टक्क्यांची जाळी म्हणजे अर्धा उजेड खाली येतोच. माणसाला तेवढ्यात गार वाटतं, मनूला नाही चालत.

म्हणून मी एकटीच एकदा जाऊन आले. तिकीट काढलं, एकही राइड केली नाही, फोनमध्ये उजेड मोजायचं फुकटचं ॲप टाकलेलं, लक्स मीटर, ते घेऊन रांगारांगांतून फिरले. भर दुपारी उघड्यावर आकडा लाखाच्या घरात जातो, दाट झाडाखाली आठ-दहा हजार, आमच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली तीनशेसुद्धा भरत नाही. फोनचं मीटर काही फार अचूक नसतं, पण ही जागा त्या जागेपेक्षा बरी की वाईट एवढं नक्की समजतं. फिरता फिरता लक्षात आलं की राइड हा प्रश्नच नाहीये. राइड तीन मिनिटांची असते. रांग चाळीस मिनिटांची असते आणि ती रांग त्या ५० टक्केवाल्या जाळीखाली आहे, खाली पांढऱ्या टाइल्स, बाजूला पाण्याचं कुंड, म्हणजे वरून जेवढा उजेड तेवढा खालून परत. फोन जमिनीकडे धरला तरी आकडा भरपूर. टोपी घालून उपयोग नाही हे तिथे कळलं, हनुवटीखालून भाजलं असतं पोरीला. एक सिक्युरिटीवाले काका बराच वेळ माझ्या मागे मागे, शेवटी त्यांनी विचारलंच, "मॅडम, इन्स्पेक्शनले आल्या का तुम्ही?" मी सगळं सांगितलं. त्यांनीच मग मला मॅनेजरच्या केबिनमध्ये नेलं, नाहीतर माझी हिंमत झाली नसती.

मॅनेजर आधी म्हणाले दिव्यांग कार्ड आहे का, त्यावर आम्ही डायरेक्ट एंट्री देतो. कार्ड नाही. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगाचे २१ प्रकार आहेत, त्यात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, आमचं नाही. मी म्हटलं मला डायरेक्ट एंट्री नकोच आहे, लोकांचा नंबर मारायचा नाही, मला फक्त माझ्या पोरीऐवजी तिच्या बाबांना रांगेत उभं राहू द्या आणि नंबर आला की आम्ही दोघी आतून येऊ. डिस्नेच्या पार्कांत अशी काहीतरी सोय आहे हे मी वाचलं होतं, परत यायची वेळ देतात, तेवढा वेळ तुम्ही कुठेही बसा, आता २०२४ पासून त्यांनी पण ते बऱ्याच लोकांसाठी बंद केलं म्हणतात. मी काही डिस्नेचं नाव काढलं नाही, मॅनेजर घाबरले असते. ते म्हणाले, "मॅडम, एक अर्ज लिहून द्या, डॉक्टरांचं पत्र लावा, आणि हो, वर्किंग डे ला या, संडेला आलात तर मी पण काही करू शकणार नाही." खरं सांगू, मला यापेक्षा जास्त काही अपेक्षाही नव्हती. अर्ज तिथल्याच एका कागदावर लिहिला, मराठीत, "कृपया सहकार्य करावे ही विनंती" वगैरे.

दिवस कुठला निवडायचा यावर घरी फार वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं डिसेंबर, कारण आमच्याकडे तेव्हा साडेपाच-पावणेसहालाच सूर्य मावळतो, मुंबईपेक्षा पंचवीसेक मिनिटं आधी. पण पार्क हिवाळ्यात लवकर बंद होतं, आणि थंडीतलं संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, टोपीच्या खालून सरळ तोंडावर. मे मध्ये पार्क उशिरापर्यंत चालू पण सातपर्यंत लख्ख. मी म्हटलं पावसाळा. सासूबाई म्हणाल्या, "पावसात कोणी जाते काय बाई पार्कात?" तेच तर पाहिजे होतं ना मला. काळेकुट्ट भरलेले ढग असले की उजेड पाच हजारावर येतो, कधी त्याच्याही खाली, आणि गर्दी नाही. फक्त विजा चमकल्या की राइड बंद करतात आणि ढग फाटले की आमचं बंद. दोन्हीच्या मधलं आभाळ पाहिजे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्हा पोळ्याला, मनू घरात टीव्हीवर मारबतीची, म्हणजे रोगराई घालवायला काढतात त्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक बघत होती, काळी-पिवळी दोन्ही मारबत तिने आजवर टीव्हीवरच बघितल्या आहेत, मिरवणूक दिवसा असते ना. लोक ओरडतात तसं आजी सोफ्यावरून ओरडली, "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" आणि ही मागून, "ऊन पण घेऊन जा गे मारबत, पण रोलर कोस्टर ठेव." त्याच आठवड्यात जाऊ असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

कपड्यांचं काम त्याच्या आधीच सुरू केलं होतं. नागपुरात एक बरं आहे, बाई अंगभर झाकून निघाली तर कोणी वळून बघत नाही. स्कूटीवरच्या सगळ्या पोरी सनकोट, हातमोजे, डोळे सोडून सगळीकडे स्कार्फ अशाच असतात, मनू त्यात खपून जाते, उन्हाळ्यात तरी. पण पार्कात स्कार्फ चालत नाही. राइडच्या चाकात अडकला तर गळ्याला फास, आणि हा नियम मला पूर्ण मान्य आहे, टोपी नाही, ओढणी नाही, सैल हातमोजे नाहीत. म्हणजे जे काही झाकायचं ते अंगाला शिवलेलं पाहिजे. गांधीबागेत जाऊन मी कापड बघत होते, दुकानदार "कोणता रंग दाखवू वहिनी" म्हणतोय आणि मी प्रत्येक ताग्याचं टोक फोनच्या टॉर्चवर धरून बघतेय. टॉर्चचा उजेड पलीकडे दिसला की नापास. पांढरं कॉटन सगळं नापास. ओलं झालं की तर ते अजूनच आरपार. शेवटी घट्ट विणीचं गडद निळं, थोडं ताणणारं कापड मिळालं. आमच्या मोहल्ल्यातल्या टेलर काकांनी त्याचा एकच अंगरखा शिवला, डोक्यावर घट्ट बसणारं हूड, नाकापर्यंत येणारी पट्टी हूडलाच जोडलेली, बाजूला टिचबटनं, लोंबणारं काहीच नाही. चेहऱ्याचा जो भाग उघडा राहतो तिथे झिंक ऑक्साइडचं जाड रंगीत क्रीम, ते नेहमीच्या सनस्क्रीनपेक्षा बरं, उजेडाला थोडं तरी अडवतं. मनूने आरशात बघितलं आणि म्हणाली निन्जा. मला हायसं वाटलं, कारण शाळेत एका मुलाने तिला ड्रॅक्युला म्हणून चिडवलं होतं.

आणि एक गोष्ट जी बाहेरच्या कोणाला पटत नाही, आदल्या दिवसाचा उजेड पण मोजावा लागतो. काल थोडं लागलं असेल तर आज तिची सहनशक्ती आधीच कमी, फोनची बॅटरी कालची तशीच उतरलेली असते ना, तसं. म्हणून आधीचे काही दिवस शाळेत पीटी नाही, डबा आतल्या बाकावर, आणि घरी पडदे ओढलेले. ती कुरकुर न करता ऐकत होती हे बघूनच मला समजलं तिला किती जायचंय.

निघालो दुपारी दोननंतर. आभाळ मस्त भरलेलं. गाडीचं पण एक लफडं आहे, २०१२ ला सुप्रीम कोर्टाने काचांवर फिल्म लावायला बंदी केली, चांगल्यासाठीच केली, पण आमची पोरगी मागे बसणार कशी? मग काढता-घालता येणारं काळं कापड लावतो आणि तिला मधल्या सीटवर बसवतो. शंकरनगर चौकात ट्रॅफिकवाल्या दादांनी थांबवलंच. मी डॉक्टरांचं पत्र पुढे केलं, त्यांनी पूर्ण वाचलं, इंग्रजी होतं तरी वाचलं, मग आत वाकून मनूकडे बघितलं, ही बिचारी निन्जा होऊन बसलेली. "कुठं चालली बेटा?" "रोलर कोस्टर." "बरं, जा." पत्राच्या चार झेरॉक्स गाडीत कायम असतात, त्यातली एक त्यांनी ठेवून घेतली, का ते मला अजून कळलं नाही.

पार्कात पोचलो तर मॅनेजर सुट्टीवर! माझा जीव खाली-वर. पण अर्जाची मी व्हॉट्सॲपवर मागून घेतलेली सही-शिक्क्याची कॉपी होती, काउंटरवरच्या पोरीने दोन-तीन फोन केले आणि सोडलं. हे मात्र कोणालाही सांगेन, तोंडी परवानगीवर जाऊ नका, कागद हातात ठेवा, शिफ्ट बदलते, माणसं बदलतात.

पहिला दीड तास छान गेला. पहिल्यांदा बंद हॉलमधल्या गाड्या, त्या एकमेकांना ठोकायच्या, तिथे मीटरवर दोनशे-अडीचशे, हूड काढून बसली आरामात. मग बाहेरची एक गोल फिरणारी राइड. नवरा रांगेत, आम्ही दोघी तिकीटघराच्या मागच्या व्हरांड्यात भिंतीला चिकटून, त्याचा मिस्ड कॉल आला की पळायचं. रांगेतल्या एका काकूंना ते आवडलं नाही. "आमचे लेकरं काय रस्त्यावर पडले का? आम्हीही उभेच आहोत ना." नवऱ्याने सांगायचा प्रयत्न केला, तर त्या मनूकडे बघून म्हणे, "हिले काय झालं? चांगली तर दिसून राहिली." हे वाक्य मला पाठ आहे. मी आता भांडत नाही, वेळ जातो आणि वेळ म्हणजे उजेड. मी फक्त म्हटलं काकू, आमची जागा तीच आहे, तो तुमच्या पुढेच उभा होता, मागून आलेलो नाही. त्यांची मुलगी, कॉलेजची असेल, तीच म्हणाली, "आई, जाऊ दे ना, एक माणूसच तर उभा होता त्यांचा." राइडवरच्या भाऊने हूड ओढून बघितलं, टिचबटनं ओढून बघितली, पट्टी ओढून बघितली, म्हणाला "हे निघत नाही ना? मग चालते." त्या माणसाने इतकं नीट तपासलं म्हणून मला उलट बरं वाटलं.

चारच्या आसपास ढग फाटले. असे फाटले की सगळं ओलं पार्क एकदम चमकायला लागलं, खाली साचलेल्या पाण्यात पण सूर्य. लोक खूश, "चला, ऊन पडलं". मी मनूचा हात धरून जे सगळ्यात जवळ होतं त्यात घुसले, ते भूतबंगला निघालं. दारावरच्या मुलाला पत्र दाखवायला वेळ नव्हता, मी नुसतं म्हटलं भाऊ हिला आत बसू द्या, त्रास होतो हिला. त्याने आतल्या बोळात, जिथे त्यांची माणसं बसतात, तिथे एका पत्र्याच्या पेटीवर बसवलं. शेजारी अर्धं भूत बसलेलं. म्हणजे मुखवटा डोक्यावर सरकवलेला, अंगात केसाळ काळा झगा, हातात डब्याचं झाकण, त्यात पोळी आणि भेंडी. घामाने निथळत होता बिचारा. मनू एक मिनिट त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. त्याने विचारलं, "भीती नाही वाटत का?" ती म्हणे, "तू इथं दिवसभर अंधारात बसतो का?" "हाव ना. लय उकडते. मले तर कधी बाहेर जातो असं होते." "मला आत बरं वाटतं," ती म्हणाली, "आपण बदली करायची का?" तो हसला आणि मग गिऱ्हाईक आलं तसा मुखवटा खाली ओढून पळाला, आणि पुढच्या वळणावरून किंचाळ्या आल्या. पुढचा बराच वेळ आम्ही तिथेच. भूत घाबरवून परत येऊन एक घास खायचं, परत जायचं. मनूने त्याला सांगितलं की डावीकडून उडी मारशील तर जास्त घाबरतील, आणि त्याने खरंच तसं करून बघितलं. त्या तासाभराचं तिकीट कोणी मागितलं नाही.

सव्वापाचला परत झाकोळलं. आता बाहेर चार हजार, मग तीन. मी दर थोड्या वेळाने फोन वर धरायचे आणि मनू, "किती? किती?" तिला पण मी विचारत होते, मुंग्या येतायत का, कारण मुंग्या म्हणजे पहिली घंटा, तेव्हाच आत गेलं तर पुढचं टळतं. पण मुलं खोटं बोलतात, राइड समोर असली की कशाला सांगतील. म्हणून मी तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघते. हात एकमेकांवर घासायला लागली, लोखंडी रेलिंगच्या गार पाइपला पंजा टेकवला, तळहातावर फुंकर मारली, की समजायचं. तोवर काही नव्हतं.

रोलर कोस्टर आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, पार्क सातला बंद. सहा वाजता नवरा रांगेत लागला, रांग कसली, दहा-बारा माणसं. सहा वीसला मीटरवर हजाराच्या खाली आकडा आला आणि मी म्हटलं, हूड काढ. तिने ऐकलं नाही असं वाटलं मला, परत सांगितलं. हूड काढ, वारा लागू दे. पहिल्या फेरीला ती माझ्या शेजारी, दांडा दोन्ही हातांनी आवळलेला. वर चढताना खटखट खटखट आवाज येत होता आणि ती एकसारखी बोलत होती, आई ते बघ आपली गाडी, आई ते बघ भूतबंगला, आणि टोकावर गेल्यावर एकदम बोलणं बंद. खाली आल्यावर मला वाटलं रडेल. म्हणाली, "पोटात काहीच नाही झालं, छातीत झालं." मग बाबासोबत. मग एकटीने, पुढच्या डब्यात. ऑपरेटर भाऊने शेवटच्या फेरीला आम्ही सोडून कोणी नव्हतं तरी चालवलं, ते त्याने करायला नको होतं कदाचित, पण केलं. मग दिवे लागले. दिव्यांचा तिला त्रास नाही, ऑपरेशन थिएटरमधल्या मोठ्या दिव्यांबद्दल तेवढं डॉक्टरांनी बजावलेलं आहे.

पाण्यातलं राहिलंच. स्लाइड सहालाच बंद झाल्या. त्यावर ती गाडीत फुगून बसली, आणि वाडगाभर तर्री पोहे खाल्ल्यावर उतरली.

रात्री अकराच्या सुमारास उठून आली. डाव्या मनगटावर, हातमोजा आणि बाही यांच्या मध्ये, बोटभर रुंद पट्टा लाल, थोडा सुजलेला. दुपारच्या राइडमध्ये दांडा धरताना बाही वर सरकत असणार, तेवढीच फट. तेवढ्यातून. ओला नॅपकिन, कूलर, आणि फरशी. हॉलमध्ये मी पण तिच्या शेजारी पडले. आग होती पण नेहमीसारखी नव्हती, ती बोलू शकत होती, आणि बोलतच होती, कोणती फेरी जास्त फास्ट होती यावर. दोन-तीन दिवसांत उतरलं. मी डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी विचारलं बाकी कुठे? बाकी कुठेच नाही. त्या म्हणाल्या मोठी झाल्यावर पर्याय वाढतील, त्वचेखाली बसवायचं एक इम्प्लांट आहे, अफामेलानोटाइड, युरोपात २०१४ ला आणि अमेरिकेत २०१९ ला परवानगी मिळालेलं, पण ते मोठ्या माणसांसाठी. तोवर व्हिटॅमिन डी, वर्षाला लिव्हरची तपासणी आणि कापड.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी मला विचारलं तर मी राइडची यादी देणार नाही, प्रत्येक पार्क वेगळं. पार्कवाल्यांना एवढं विचारा: रांगेत आमच्याऐवजी दुसरं माणूस उभं राहिलं तर चालेल का, आणि ढग फाटले तर आम्ही पळून कुठे बसायचं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच तयार नसतं, म्हणून ते आपणच आधी जाऊन शोधून ठेवायचं. भूतबंगला चांगला.

अंगरखा टेलर काकांकडे परत दिलाय. बाही चार बोटं लांब करायची आणि टोकाला अंगठा घालायला भोक ठेवायचं, म्हणजे हात कितीही वर केला तरी ती सरकणार नाही. काका म्हणाले, "पोट्टी वाढून राहिली, दोन इंच दाबून ठेवतो आत, पुढच्या वर्षी सोडता येईल." पैसे विचारले तर म्हणे आधी जाऊन या, पाण्यात पण टिकते का ते सांगा.